सेनाफेची कबर

मराठी माणसाला ‘हबसाण’ हा शब्द परका नाही. जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे हबसाणचे. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हबसाणातच जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारांमागून बाजार पाहत दख्खनेत पोहोचला, तेथे वजिरीला चढला, खडकी नावाचे नगर वसविले आणि १६२६ साली निधन पावल्यावर खुलताबादच्या मातीत विसावला. आफ्रिकेतला एक सेनानी आपल्या मुलखात अशा रीतीने कायमचा राहिला. त्यानंतर अडीचशे वर्षांनी आपल्या मुंबई इलाख्यातून हबसाणच्या मोहिमेवर गेलेला एक सेनाधिकारी तिकडच्या मातीत कायमचा राहिला. मात्र तो ना मराठी होता, ना इंग्लंडात जन्मलेला. तो कॅनडातील टोरांटोचा. त्याचे नाव कर्नल अलेक्झांडर रॉबर्ट्स डन. त्याची कबर आजच्या एरिट्रिया देशातील सेनाफे या डोंगराळ गावी आहे, आणि त्या कबरीची कथा त्याच्या आयुष्याच्या कथेइतकीच सांगण्याजोगी आहे.

कन्हानच्या वाचकाला या कथेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कन्हान नदीच्या पलीकडल्या तीरावर कामठीची छावणी १८२१ साली वसली. मद्रास सैन्याच्या पलटणी तेथे वर्षानुवर्षे राहिल्या. त्यांत आयरिश कॅथलिक शिपाई असत, आणि विदर्भातील आपल्या मिशनकार्याच्या आरंभाचा एक धागा या गोऱ्या शिपायांच्या आध्यात्मिक गरजेशी जोडलेला आहे. फ्रान्समधील ॲनसीहून निघालेले संत फ्रान्सिस डी सेल्स संस्थेचे मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून बैलगाडीच्या वाटेने कामठी-नागपूरकडे आले. पुढे १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. तेव्हा छावणी, पलटण, दफनभूमी हे शब्द आमच्या धर्मग्रामांच्या इतिहासात आरंभापासून आहेत. जुन्या छावण्यांच्या दफनभूमींत लढाईत पडलेले थोडे, पटकीने आणि तापाने गेलेले फार. झाडोऱ्यात बुडालेल्या त्या दगडांकडे पाहून ‘यांचे आपल्याला काय?’ असा प्रश्न आमच्या घराघरांतून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याला झटपट उत्तर देण्याऐवजी आम्ही एका कबरीची हकिकत सांगणे पसंत करतो.

डन यांचा जन्म १५ सप्टेंबर १८३३ रोजी झाला. टोरांटोचे नाव तेव्हा यॉर्क होते. पुढल्याच वर्षी ते बदलले. वडील जॉन हेन्री डन हे त्या वसाहतीचे सरकारी खजिनदार. कालवे बांधण्याच्या उद्योगातही त्यांचा पुढाकार होता, आणि ओंटारियो प्रांतातील डनव्हिल हे गाव त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अलेक्झांडर दोन वर्षांचा होतो न होतो तोच आई निवर्तली. काही वर्षे टोरांटोच्या अपर कॅनडा कॉलेजात आणि नंतर इंग्लंडात हॅरो येथे शिक्षण झाले. १८५२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो ११ व्या हुसार या घोडदळात दाखल झाला. ‘दाखल झाला’ म्हणजे हुद्दा विकत घेतला. त्या काळी ब्रिटिश सैन्यात अधिकारपदे पैसे मोजून मिळत आणि सोडताना विकताही येत. श्रीमंताच्या मुलाला पंचविशीत पलटण आणि गरिबाच्या मुलाला साठीपर्यंत बंदूक, असा तो न्याय होता. १८७१ साली ती पद्धत बंद झाली.

डन यांची उंची सहा फूट तीन इंच सांगतात. नेमून दिलेली तलवार त्यांच्या हाताला अपुरी पडे, म्हणून त्यांनी स्वतःसाठी अधिक लांब पात्याची तलवार बनवून घेतली होती. या तलवारीचा उल्लेख त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो, कारण लौकरच तिची परीक्षा झाली.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे, एका चुकीच्या समजलेल्या हुकमापायी, सुमारे ६७० घोडेस्वार रशियन तोफांच्या थेट तोंडावर धावून गेले. टेनिसनच्या कवितेने ही घटना जगभर पोहोचविली. आमच्या पिढीने ती इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात वाचली. अर्ध्या घटकेत शंभराहून अधिक माणसे ठार झाली आणि घोडे तर त्याहून कितीतरी अधिक पडले. माघारी येताना सार्जंट रॉबर्ट बेंटली याचा घोडा जखमी होऊन मागे रेंगाळला आणि रशियन स्वारांनी त्याला पाठीमागून घेरले. डन यांनी आपला घोडा वळविला. ज्या दिशेने सारे जीव घेऊन पळत होते तिकडे पाठ करून ते पुन्हा शत्रूकडे गेले, बेंटलीवर चालून आलेल्या स्वारांना तलवारीने खाली पाडले, आणि त्यानंतर शिपाई लेव्हेट याच्यावर तुटून पडलेल्या एका रशियन हुसारालाही मारले. तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते.

व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक अद्याप अस्तित्वातही नव्हते. ते जानेवारी १८५६ मध्ये स्थापन झाले. २६ जून १८५७ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणी व्हिक्टोरियाने बासष्ट जणांच्या छातीवर ते स्वहस्ते लावले, त्यांत डन होते. हे पदक मिळविणारे ते पहिले कॅनेडियन. वाचकांनी एक तारीख ध्यानात घ्यावी: ज्या दिवशी लंडनमध्ये हा सोहळा चालला होता, त्या दिवशी कानपूरच्या वेढ्याचा शेवट घडत होता आणि दिल्ली बंडवाल्यांच्या हाती होती. साम्राज्य एका उद्यानात मिरवत होते आणि दुसरीकडे पेटले होते. डन यांचे पुढचे आयुष्य या दुसऱ्या घटनेने वळविले.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगावयास हवी. ती टाळून चरित्र लिहिणारे आहेत. आम्हाला ते प्रामाणिक वाटत नाही. क्रिमियाहून परतल्यावर डन यांनी सैन्य सोडले. बढतीत डावलले गेल्याचा राग हे एक कारण सांगितले जाते. दुसरे असे की, त्यांच्याच पलटणीतील वरिष्ठ अधिकारी जॉन डग्लस यांची पत्नी डन यांच्यासमवेत निघून गेली. दोघे कॅनडात डन यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर राहिले. एका घराचा विध्वंस झाला, आणि रणांगणावरील शौर्य त्याची भरपाई करीत नाही. धर्मगुरू म्हणून आम्हाला याहून अधिक बोलण्याचे कारण नाही, आणि याहून कमी बोलता येत नाही. शूर माणूस सर्वच बाबतींत चांगला असतो, ही समजूत शाळेतील धड्यांनी करून दिलेली आहे. दावीद राजाचे चरित्र वाचणाऱ्यांना ती नसावी.

१८५७ च्या उठावाची बातमी कॅनडात पोहोचली तेव्हा तेथील लोकांनी हिंदुस्थानात पाठविण्यासाठी एक पलटण उभारण्याची तयारी दाखविली. १८५८ साली ही १०० वी रॉयल कॅनेडियन पलटण तयार झाली. शिपाई जमविण्याच्या कामात डन आघाडीवर होते, आणि त्यांना तिच्यात मेजरचा हुद्दा मिळाला. पलटण जहाजावर चढेपर्यंत उठाव जवळजवळ शमला होता. इंग्लंड, जिब्राल्टर, माल्टा असा तिचा मुक्काम होत राहिला. डन तिचे लेफ्टनंट कर्नलही झाले. पण ज्या हिंदुस्थानासाठी शिपाई भरती केले, तो दिसेना. (या पलटणीचे पुढे काय झाले तेही गमतीचे आहे. १८८१ साली तिची सांगड १०९ व्या ‘बॉम्बे इन्फन्ट्री’शी घालण्यात आली आणि दोन्ही मिळून आयर्लंडमधील लीन्स्टर रेजिमेंट बनली. कॅनडा, मुंबई आणि आयर्लंड एका झेंड्याखाली! १९२२ साली आयर्लंड स्वतंत्र होताना ती विसर्जित झाली.)

छावणीतल्या रिकाम्या बैठकीला कंटाळून डन यांनी १८६४ मध्ये ३३ व्या पलटणीत बदली करून घेतली. ही पलटण उठावाच्या वेळी हिंदुस्थानात आली होती आणि आता मुंबई इलाख्याच्या सैन्यात मोडत होती. आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या वाचकांना तिच्याविषयी एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टनचा ड्यूक, हा याच पलटणीचा कर्नल म्हणून १७९७ साली हिंदुस्थानात आला होता. १८०३ साली आडगाव आणि गाविलगड येथे भोसल्यांच्या फौजेचा पराभव करून देवगावचा तह लादणारा वेलस्ली तो हाच. त्याच्या मृत्यूनंतर ३३ व्या पलटणीला त्याचे नाव देण्यात आले. अशा पलटणीची धुरा तिशीतल्या एका कॅनेडियनाच्या हाती आली. त्या काळच्या ब्रिटिश सैन्यात इतक्या लहान वयाचा कर्नल क्वचितच असेल.

पलटणीत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. दारू, भांडणे आणि बेशिस्त यांसाठी ती नावाजलेली, आणि लढाईत मात्र पुढे घुसणारी. डन यांच्यावर शिपायांचा जीव होता, याबद्दल जुने लेखक एकमताने बोलतात. ते पैशाने उदार होते आणि शिपायांची काळजी वाहत. ज्याने एका सार्जंटसाठी घोडा फिरविला त्याच्याविषयी शिपायांना विश्वास वाटावा, हे साहजिक होते.

आता हबसाणकडे वळू. सम्राट टेवोड्रोस हे बुद्धिमान आणि तितकेच संतापी राज्यकर्ते होते. विस्कळीत झालेला ख्रिस्ती हबसाण त्यांनी तलवारीने एकत्र आणला. त्यांना युरोपातून कारागीर आणि शस्त्रे हवी होती. १८६२ साली त्यांनी राणी व्हिक्टोरियाला पत्र पाठविले. लंडनच्या कचेऱ्यांतून ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरले आणि कोणीही उत्तर दिले नाही. कचेरीतील एका कारकुनी आळसापायी किती माणसे मेली, याचा हिशेब कोणी करावा? अपमानित झालेल्या सम्राटाने ब्रिटिश वकील कॅमेरॉन आणि काही मिशनरी यांना कैदेत टाकले. त्यांची सुटका मागण्यासाठी होर्मुझ्द रस्साम हे दूत गेले, तेही बेड्यांत अडकले. हे रस्साम मोसुलचे, पूर्वेकडील प्राचीन खाल्डियन ख्रिस्ती घराण्यातले.

टेवोड्रोस यांच्या कैदखान्यांशी आपल्या श्रद्धेच्या इतिहासाचाही संबंध आहे. संत जस्टिन डी याकोबिस हे इटालियन मिशनरी १८३९ पासून हबसाणात राबत होते. तेथल्या लोकांसारखा पोशाख, त्यांचीच भाषा, त्यांचीच उपासनापद्धती त्यांनी स्वीकारली. आपल्याकडे ज्याला पुढे संस्कृतिसंगम म्हणू लागले ते त्यांनी शंभर वर्षे आधी आचरणात आणले होते. त्यांचे हबसाणी शिष्य घेब्रे मिखाएल हे आधी मठवासी होते, मग कॅथलिक धर्मगुरू झाले. टेवोड्रोस यांच्या राजवटीत साखळदंडांतच २८ ऑगस्ट १८५५ रोजी त्यांचा अंत झाला. १९२६ साली चर्चने त्यांना धन्य घोषित केले. डी याकोबिस हद्दपार झाले, आणि १८६० साली समुद्रकाठाहून डोंगराकडे परतताना वाटेतच वारले. हेबो या गावी त्यांची समाधी आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली त्यांना संतपद दिले. ज्या डोंगरी प्रदेशात हेबो आहे त्याच प्रदेशात, दक्षिणेला, सेनाफे आहे.

कैद्यांच्या सुटकेसाठी मोहीम निघाली ती लंडनहून नव्हे, मुंबईहून. मुंबई सैन्याचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर हे तिचे प्रमुख. सुमारे तेरा हजार सैनिक, त्यांपैकी नऊ हजारांच्या आसपास हिंदी. बाजारबुणग्यांची संख्या सैनिकांच्या दुप्पट. जनावरे चाळीस हजारांहून अधिक: खेचरे, उंट, बैल आणि तोफा वाहण्यासाठी चव्वेचाळीस हत्ती. लाल समुद्राकाठी झुला येथे धक्के बांधण्यात आले आणि तेथून डोंगराच्या पायथ्याकडे लोहमार्ग टाकला गेला. त्याचे रूळ आणि इंजिने हिंदुस्थानातूनच नेली होती. आमच्या नागपूरला आगगाडी प्रथम आली ती १८६७ च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षाच्या अखेरीस अशीच आगगाडी जहाजात घालून आफ्रिकेत नेली जात होती. हबसाणात ब्रिटिश नाणे चालत नसे. तेथले लोक ऑस्ट्रियाच्या कॅथलिक सम्राज्ञी मारिया थेरेसा यांची मुद्रा असलेला १७८० सालचा चांदीचा थेलरच घेत, म्हणून तसे लाखो थेलर जमविण्यात आले. सम्राज्ञीला जाऊन सत्याऐंशी वर्षे झाली होती, पण तिच्या चेहऱ्यावरचा लोकांचा विश्वास अभंग होता.

झुलाहून खिंडीची वाट चढून गेले की समुद्रसपाटीपासून सुमारे चोवीसशे मीटर उंचीवर सेनाफे लागते. खाली रखरखीत उकाडा आणि तहान, वर थंड वारा. तेथे मोठा तळ पडला. नेपियर २ जानेवारी १८६८ रोजी झुलाला उतरले. ३३ वी पलटण तोवर पुढे आलेली होती. लढाई अजून चारशे मैल आणि तीन महिने दूर होती.

२५ जानेवारी १८६८ रोजी कर्नल डन तळाजवळच्या रानात शिकारीला गेले. वाटेत ते विसावले, आणि त्यांच्याच बंदुकीचा बार उडून गोळी छातीत शिरली. वय चौतीस वर्षे. बालाक्लाव्हाच्या तोफांतून वाचलेला माणूस एका पठारावर, शत्रूचे दर्शनही न होता, स्वतःच्या हत्याराने गेला.

अपघात, असे अधिकृत उत्तर. पण मोठ्या माणसाच्या अशा मृत्यूवर लोकांचे समाधान होत नाही. कोणी म्हणाले, आत्महत्या. कोणी म्हणाले, मृत्युपत्रातील लाभासाठी नोकराने मारले. दोन्ही वदंता आजवर छापल्या जातात. आम्ही त्या वाचल्या, आणि दोहोंनाही कसलाच भरीव पुरावा दिसला नाही. पहिल्या वदंतेने मृताच्या आत्म्यावर डाग येतो. त्या काळात तर आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे दफनविधी नाकारले जात. (आजची धर्मशिकवण वेगळी आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात अशा जीवांच्या तारणाविषयी निराश होऊ नका, असे स्पष्ट सांगितले आहे. आपल्या खेड्यांतून कर्जापायी जीव देणाऱ्यांच्या घरी सांत्वनाला जाताना आम्हाला त्या परिच्छेदाचा किती आधार वाटतो, ते येथे सांगत बसत नाही.) दुसऱ्या वदंतेत एका सामान्य नोकरावर खुनाचा आळ येतो. तो बोलू शकत नाही, त्याचा वकील नाही. साहेब दगावला की प्रथम संशय चाकरावर, हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. बार भरलेली त्या काळची बंदूक किती बेभरवशाची असे, हे जुन्या शिकाऱ्यांच्या घरी विचारावे. आमचे मत अपघाताच्या बाजूचे आहे.

डन यांना सेनाफे येथेच पुरण्यात आले. पलटण मेजर कूपर यांच्या हाताखाली पुढे निघाली. १० एप्रिल १८६८, उत्तम शुक्रवार: मग्दला किल्ल्याखालच्या अरोगे पठारावर टेवोड्रोस यांचे सैन्य डोंगर उतरून धावून आले, आणि नव्या बंदुका व अग्निबाणांपुढे सुमारे सातशे हबसाणी शिपाई कापले गेले. इंग्रजांकडे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन्ही बाजूंना क्रूसाची खूण करणारे लोक होते. कैद्यांची सुटका झाली, तरी किल्ला पाडायचाच असे ठरले. १३ एप्रिल, ईस्टरचा दुसरा दिवस: ३३ वी पलटण काटेरी कुंपण ओलांडून तटावर चढली. ढोलकी वाजविणारा मायकल मॅग्नर आणि शिपाई जेम्स बर्गिन हे दोघे आयरिश जवान प्रथम आत शिरले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टेवोड्रोस यांनी स्वतःच्या पिस्तुलाने प्राण दिला. ते पिस्तूल राणी व्हिक्टोरियाकडून भेट आलेले होते.

त्यानंतर लूट झाली. चर्चमधील हस्तलिखिते, क्रूस, चषक आणि वेदीवरच्या पवित्र पाट्या, ज्यांना तेथील भाविक ‘ताबोत’ म्हणतात, सारे पंधरा हत्ती आणि दोनशे खेचरांवर लादून नेले आणि लिलावात काढले. आपल्या वेदीच्या दगडात संतांचे अवशेष असतात. तो दगड कोणी लिलावात विकला तर आपल्याला काय वाटेल, याची कल्पना वाचकांनी करावी. असे अकरा ताबोत ब्रिटिश म्युझियमच्या कोठारात गेले. एडिंबरोच्या एका चर्चमध्ये सापडलेला एक ताबोत मात्र त्या चर्चच्या लोकांनी २००२ साली सन्मानाने परत केला.

टेवोड्रोस यांचा सात वर्षांचा मुलगा आलेमायेहू यालाही इंग्लंडला नेण्यात आले. आई वाटेतच वारली. हा मुलगा १८७९ साली, अठराव्या वर्षी, लीड्स येथे मरण पावला, आणि विंडसर येथील सेंट जॉर्ज चॅपेलपाशी पुरला गेला. त्याच्या अस्थी परत द्याव्यात ही इथिओपियाची मागणी जुनी आहे. २०२३ साली राजवाड्याने पुन्हा नकार कळविला. बाकीच्या थडग्यांना धक्का लागेल, असे कारण देण्यात आले. म्हणजे मोहिमेने दोन कबरी निर्माण केल्या. एक कॅनेडियन हबसाणात, एक हबसाणी इंग्लंडात. पहिल्याला न्यायला कोणी आले नाही. दुसऱ्याला न्यायला आलेल्यांना दिले गेले नाही.

आणि तिसऱ्या प्रकारच्या कबरी आहेत, ज्या नाहीतच. मुंबई सैन्याच्या पलटणींत कोकणातले, देशावरले मराठे, महार, मुसलमान होते. बाजारबुणग्यांत खेचरवाले, पाणके, हमाल, डोलीवाले होते. त्यांतले जे झुलाच्या उकाड्याने वा खिंडीतल्या तापाने गेले त्यांची राख वा माती कोठे आहे, हे दाखविणारा एक दगडही कर्नलाच्या दगडाशेजारी उभा नाही. आम्ही डन यांच्या कबरीविषयी लिहितो तेव्हा ही मोकळी जागा आमच्या डोळ्यांपुढे असते.

डन यांच्या कबरीला दगड मिळाला, पण राखणदार मिळाला नाही. सैन्य आले तसे निघून गेले. पुढे तो मुलूख इटलीच्या ताब्यात गेला. जगभरच्या युद्धदफनभूमी, आपल्या पुण्याजवळची खडकीची धरून, ज्या निगुतीने राखल्या जातात ते काम १९१७ साली स्थापन झालेल्या आयोगाचे आहे. पण त्याच्या कक्षेत दोन महायुद्धांचे मृत येतात. त्याआधी मेलेल्यांना तेथे जागा नाही. कामठीच्या जुन्या कबरी आणि सेनाफेची कबर या बाबतीत एकाच नशिबाच्या. १९७६ साली लंडनमध्ये स्थापन झालेली एक संस्था दक्षिण आशियातील युरोपियन दफनभूमींच्या नोंदी ठेवते, परंतु एरिट्रिया काही दक्षिण आशियात येत नाही! डन यांची कबर विस्मृतीत गेली. दुसऱ्या महायुद्धात इटालियनांचा पाडाव होऊन ब्रिटिशांचा अंमल तेथे आला, तेव्हा १९४५ साली ती पुन्हा नजरेस पडली, आणि परत विसरली गेली. त्यांचे पदक मात्र सुरक्षित राहिले. १८९४ साली ते लिलावात निघाले तेव्हा कॅनडाच्या सरकारने विकत घेतले, आणि ते डन यांच्या शाळेकडे, टोरांटोच्या अपर कॅनडा कॉलेजकडे, आले.

१९९८ ते २००० या काळात इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्यात सीमेवरून भीषण युद्ध झाले. मे २००० मध्ये इथिओपियाच्या फौजा सेनाफेत शिरल्या. गाव उद्ध्वस्त झाले. गावाजवळ मटेरा येथे येशूख्रिस्तपूर्व श्रद्धेच्या चिन्हांचा, गीझ लिपीतील लेख कोरलेला एक प्राचीन स्तंभ आहे. तोही त्या धुमश्चक्रीत पाडला गेला आणि नंतर दुरुस्त करून उभा करावा लागला. मग संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना आली. तिच्यात डच आणि कॅनेडियन सैनिक होते. आपल्या भारतानेही तिच्यासाठी एक पलटण दिली. १८६८ साली मुंबईच्या शिपायांनी ज्या डोंगरांत तळ ठोकला होता, त्याच मुलखात पुन्हा भारतीय जवान गेले, या खेपेस मात्र निळी टोपी घालून आणि कोणाचाही किल्ला न पाडता.

या शांतिसेनेतील कॅनेडियन इंजिनियर जवानांना, न्यू ब्रन्सविक प्रांतातील गेजटाउनच्या तळावरून आलेल्यांना, सेनाफेत आपल्या देशाच्या पहिल्या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची कबर आहे हे कळले. कबर खचली होती, बांधकाम ढासळत चालले होते. भोवतालच्या प्रदेशात सुरुंग पेरलेले. जवानांचे खरे काम ते शोधून रस्ते मोकळे करण्याचे. ते करता करता २००१ साली त्यांनी ही कबर दुरुस्त केली. कोणा मंत्र्याची घोषणा नाही, निधी नाही. दगड, चुना, सिमेंट आणि मोकळ्या वेळेतले हात.

३१ जुलै २००८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने ती मोहीम संपविली. ३१ जुलै हाच संत जस्टिन डी याकोबिस यांचा स्मृतिदिन. त्यांच्या हेबोच्या समाधीला राखणदार नेमावा लागला नाही. तेथे जाणारे भाविक त्याच डोंगरवाटांनी जातात.